नजमाताईचा सूर्योदय

दुपारचे अडीच वाजलेत. ईरा केव्हाच झोपली आहे, तरी केतकीचा हात तिच्या छातीवरच आहे. वर-खाली, वर-खाली. आपण हात काढला म्हणून दोन वर्षांच्या लेकीचा श्वास थांबणार नाही, हे केतकीला कळतं. पण कळणं वेगळं आणि हात काढणं वेगळं.

उशीपाशी फाइल आहे. विशेष शिक्षणाच्या बी.एड.चं दुसरं वर्ष, सराव पाठ संपले, उद्या फाइल शाळेतल्या मार्गदर्शक जाधव मॅडमच्या हातात द्यायची. तीन आठवडे केतकीनं तनिष्काला शिकवलं. पोर नववीत, पण लिहायला बसली की अक्षरं बोटांतून निसटतात. शेवटच्या दिवशी ‘माझी शाळा’ यावर तिनं घाम गाळून लिहिलं: ‘शाळेत पंखा आहे. तो कट कट वाजतो. मला त्याखाली बसवत नाही.’

एवढंच. ते पान फाइलला लावणं केतकीच्या जिवावर आलं. आज सकाळी तिनं तनिष्काच्या वळणाचं वाकडं अक्षर काढत नवं पान तयार केलं. ‘माझी शाळा सुंदर आहे. शाळेसमोर बाग आहे.’ शाळेसमोर रिक्षा स्टँड आहे. त्या पानावरून मॅडम ठरवणार, की तनिष्काचा रोजचा मदतीचा तास पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा. पोरीला आता लिहिता येतं असं दिसलं, तर तास बंद. हे माहीत असल्यामुळेच केतकीला झोप येत नाही.

आणि मग येते.

पलंगाला पाठ फुटते, त्याचा बाक होतो. ही मिरजेच्या शाळेची प्रयोगशाळा; दहावीच्या परीक्षेला लेखनिक घेणाऱ्या मुलांना इथंच वेगळं बसवायचे. बरणीत बेडूक आहे. ओट्यावर मात्र केतकीच्या घरचा कुकर आहे, आणि त्याची शिट्टी काही होत नाही. शेजारी नजमाताई बसली आहे. नजमा मुजावर, जन्मापासून आंधळी, बाविसाव्या वर्षी काविळीनं गेलेली. इथं ती सोळाचीच आहे, दोन वेण्या, निळी ओढणी. लेखनिक एक इयत्ता खालचा लागतो, म्हणून त्या वर्षी नववीतल्या केतकीला तिच्याशेजारी बसवलं होतं.

केतकीचा हात ईराला शोधत बाकावरून फिरतो.

“झोपलीये ती,” नजमाताई म्हणते. “श्वास चालू आहे. मला इथून ऐकू येतो.”

केतकी हात मागे घेते. नजमाताईनं निबंधासाठी ‘मी पाहिलेला सूर्योदय’ हा विषय निवडला होता, आणि पर्यवेक्षकसुद्धा क्षणभर थबकले होते. तिनं सांगायला सुरुवात केली आणि केतकीला धडकी भरली. असल्या निबंधाला कोण गुण देणार? मग केतकीनं स्वतःचा पाठ केलेला निबंध लिहिला. तांबडा गोळा, सोनेरी किरणं, पाखरांची किलबिल. ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितलेली नाही. आता ती घाईघाईनं सांगू लागते, की ताई, तुझं भलं व्हावं म्हणूनच, माझ्या मनात दुसरं काही…

“माहीत आहे गं. मी चार वाक्यं सांगायचे आणि तुझं पेन दहा वाक्यं पळायचं. डोळे नव्हते, कान होते ना?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला बाकावरून उठवलं असतं. मग पुढचा पेपर कोण लिहिणार, तुझा काका?” ती हसते. “मराठीत पंचाहत्तर पडले. अम्मीनं शीरखुर्मा केला, तुमच्याकडे पण डबा धाडला. खाल्लास की नाही?”

“खाल्ला.”

“म्हणजे मार्क तुझे आणि शीरखुर्मा पण तुलाच.”

बेडकाची बरणी आता मुजावरांच्या अंगणातल्या कोनाड्यात आहे. पहाट आहे. कुठंतरी दुधाचे कॅन वाजतात. नजमाताई विचारते, मी तेव्हा काय सांगितलं होतं ते आठवतं का. केतकी आठवून बघते. तांबडा गोळा आठवतो, किलबिल आठवते. ते ऐकणारी जगात ती एकटी होती, आणि तिच्यापाशी त्यातलं काहीही उरलेलं नाही.

नजमाताई रागावत नाही. ती केतकीचा हात धरते आणि भिंतीवर ठेवते, शक्य तितका उंच.

“आता पेन नको. नुसता हात ठेव. सूर्य आधी वर येतो, जिथं हात पुरत नाही तिथं. मग भिंतीवरून खाली उतरतो. खांद्याशी येतो. मग कोपराशी. गुडघ्याशी आला की अम्मी चहा देते.”

भिंत गार आहे. मग वरच्या बोटांना ऊब लागते. मग तळव्याला.

“आणि त्या पोरीच्या शाळेत बाग कधी लावलीस?” नजमाताई अगदी सहज विचारते. “पंखा वाजतो म्हणते ती. तू तीन आठवडे तिथं बसलीस. तुला आला का ऐकू?”

केतकीला त्या खोलीतला खडू आठवतो, तक्ते आठवतात, स्वतःचाच आवाज आठवतो. पंखा आठवत नाही. ऊन मनगटावर येतं, कोपरावर येतं. शेजारी कुणी नाही.

कुकरची शिट्टी होते. शेजारच्यांच्या घरात.

केतकी उठून बसते. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालीत. ईरा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली आहे, आणि आपला हात तिच्यावर नाही हे केतकीच्या थोड्या उशिरानं लक्षात येतं. ती तो हात वळवून बघते. तळवा पांढरा झालाय. रेषांत, नखांच्या कडांना चुना बसलाय, जुन्या भिंतींना असतो तसा, हाताला लागणारा. या खोलीच्या भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट आहे.

बराच वेळ ती हात धुवायला उठत नाही.

मग फाइल उघडते आणि बागेचं पान काढून चार तुकडे करते. तनिष्काचं पान पिशवीत, वह्यांच्या तळाशी चुरगळून पडलंय. ते ती मांडीवर ठेवून सपाट करते, फाइलला लावते आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिते: मजकूर विद्यार्थिनीचा, बदल नाही. मदतीचा तास चालू ठेवावा. पंख्याखालची जागा बदलून द्यावी.

‘कट कट’वर पाच बोटं पांढरी उमटली आहेत.