टेबलताईंचं 'जायलाच हवं'

टेबलताई हॉटेल सांगत नसत, थेट टेबल सांगत. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या आमच्या ऑफिसातून कुणी अमेरिकेला निघालं की व्हिसा, बॅग, जाड कोट हे सगळं नंतर; आधी टेबलताईंच्या जागेपाशी जायचं. त्या शहराचं नाव विचारत, क्षणभर डोळे मिटत आणि तिथे पोचल्यासारख्या बोलू लागत. "सॅन फ्रान्सिस्को ना? चढावरचं इटालियन. आत शिरलास की डावीकडे, खांबामागचं टेबल. वेटर दारापाशी बसवायला बघेल, बसू नकोस." ऐकणारा निम्मं जेवण झाल्यासारखा चेहरा करून परत जायचा.

ताई मूळच्या ठाण्याच्या. बँकांच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी ऐन उमेदीत त्यांनी अमेरिकेतली मोठी शहरं पालथी घातली आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेत घर घेतलं. मीही आल्मेरेत राहणारी, त्यांच्याहून बरीच लहान. ऑफिसला जाताना आगगाडीत रोजची सोबत झाली. त्यांच्या शिकागोतल्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट मी तिथेच ऐकली. बाहेर पडायचा धीर होईना, म्हणून ताई खोलीत पलंगावर बसून घरून आणलेला चिवडा खात होत्या आणि रडत होत्या. परक्या गावातली पहिली संध्याकाळ आपल्या माणसानं खोलीत चिवडा खात काढायची नाही, हा त्यांचा नियम तेव्हाचा. पुढची सगळी टेबलं त्यांनी त्या नियमापायी जमवली.

शिफारस मात्र फुकट नसे. "एक नेलंस, एक आण," असा दंडक होता. परत आलेल्या माणसाची उलटतपासणी व्हायची: सूप कढत होतं का, जेवण संपताच उठवायची घाई केली का, शेजारच्या टेबलावर काय मागवलं होतं? मग निकाल. 'बरं आहे' म्हणजे विसरून जा. 'मीठ बेतानं आहे' म्हणजे चालेल. आणि फार क्वचित, 'जायलाच हवं'. हे दोन शब्द ज्याच्या हॉटेलाला मिळत, तो दिवसभर बढती मिळाल्यासारखा हिंडायचा.

आमच्या गाडीत एक शांततेचा डबा असतो, काचेवर तसं लिहिलेलंही असतं. एकदा नवं टेबल हाती लागल्याच्या आनंदात ताई नेमक्या तिथे बसल्या आणि न्यूयॉर्क सुरू झालं. समोरच्या डच आजोबांनी आधी काचेकडे बोट दाखवलं, मग घसा खाकरला. ताईंचा आवाज उतरला, पण पिझ्झा काही थांबेना. आजोबा आमच्या मागोमाग उतरले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकून घ्यावे लागणार. ते इंग्रजीत म्हणाले की त्यांची मुलगी न्यूयॉर्कला असते, पुढच्या महिन्यात ते तिच्याकडे निघालेत, आणि आमच्या बोलण्यातलं ब्रुकलिन आणि पिझ्झा एवढंच त्यांना कळलं, तर बाकीचं सांगाल का? पुढची मेट्रो सोडून ताईंनी फलाटावर उभ्या उभ्या बाकीचं सांगितलं. निघताना आजोबांनी आपणहून विचारलं, टेबल कुठलं घेऊ? त्या दिवशी ताईंना आभाळ ठेंगणं झालं होतं.

माझा पहिला अमेरिका दौरा शिकागोचाच निघाला, आणि तिथला पहिला दिवस नेमका संकष्टीचा. आईनं लावलेली सवय, मी संकष्टी धरते. पुण्याच्या कॅलेंडरात चंद्रोदय रात्री साडेआठचा होता. मी हिशेब केला, तर शिकागोत तेव्हा सकाळचे नऊ. तिकडे आई चंद्र बघून पानावर बसली, आणि इकडे मी मीटिंगमध्ये मनातल्या मनात बाप्पाला हात जोडून डोनट खाल्ला. दुपारी ताईंचा फोन आला, संध्याकाळी कुठे जेवणार ते विचारायला. मी मोठ्या अभिमानानं हिशेब सांगितला. पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं.

"अगं, तुझा बाप्पा काय पुणे ऑफिसलाच बसतो का? आपण ज्या आभाळाखाली असतो, तिथला चंद्र बघायचा."

मग त्यांनी तळ्याकाठच्या एका मेक्सिकन हॉटेलात मला धाडलं. राजमा चरबीत परतलाय का ते आधी विचार, मक्याची पोळी गरम माग, आणि खिडकीलगतचं दुसरं टेबल, तोंड तळ्याकडे. शिकागोचं तळं समुद्राएवढं, तेही पूर्वेला. आठच्या सुमारास त्या पाण्यातून नारिंगी चंद्र वर आला, तेव्हा माझ्यापुढे राजमा वाफाळत होता. मी इतकी हरखले की वाढणाऱ्या बाईंना हाताला धरून तो चंद्र दाखवला. हजारो मैलांवरच्या शहरात एकटी जेवत होते आणि कुणीतरी ताट वाढून वाट बघत असल्यासारखं वाटत होतं.

माझी स्वतःची आस मात्र वेगळीच होती. ताई दर शनिवारी माझ्याकडे जेवायला यायच्या. मी जीव ओतून रांधायची, त्या दोनदा वाढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बेतानं आहे." इथल्या विजेच्या शेगडीवर वांगं भाजलं जात नाही, म्हणून भरतासाठी मी खास छोटी गॅसची शेगडी आणली. तर ताई म्हणाल्या, "धुराचा अलार्म वाजला नाही, म्हणजे वांगं भाजलंच नाही." पुढच्या शनिवारी मी तोही वाजवून दाखवला. शेजारीण घाबरून दारात आली. ताईंनी शांतपणे भरीत चाखलं, आणि निकाल तोच लागला.

गेल्या वर्षी ताईंची कायमची बदली झाली, शिकागोलाच. निरोपाच्या शनिवारी मी भरीत आणि भाकरी केली. अलार्म वाजला, आम्ही दोघींनी टॉवेल हलवून तो बंद केला. ताई पोटभर जेवल्या, बोटं चाटली. आज तरी म्हणतील, असं मला वाटत होतं. त्यांनी कोट चढवला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि "येते गं" म्हणून जिना उतरल्या. मी दार लावून रडले. त्यांच्या जाण्याचं दुःख होतंच, पण ते दोन शब्द न मिळाल्याचंही होतं.

इथे शेजारणीकडे कॉफीला जायचं तरी दोन आठवडे आधी ठरवावं लागतं. त्यामुळे मागच्या महिन्यात संध्याकाळी न सांगता बेल वाजली तेव्हा मी दचकलेच. दारात एक मराठी बाई, हातात सुटकेस. शिकागोच्या ऑफिसातून पंधरा दिवसांसाठी आलेय, म्हणाली, आणि आज पहिलीच संध्याकाळ. ताईंनी आधी कळवायचं नाही अशी ताकीद दिली होती, नाहीतर ही बया उगीच चार पदार्थ करत बसेल. मग संकोचून तिनं ताईंचा मेसेज माझ्यापुढे धरला.

"आल्मेरे. दुसरा मजला, डावीकडचं दार. खिडकीकडे पाठ करून बस, नाहीतर कालव्याकडे बघत राहशील आणि ताटात लक्ष लागणार नाही. अलार्म वाजला तर उठू नकोस, भरीत होतंय. जायलाच हवं."

मी तो दोनदा वाचला. मग खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि शेगडी पेटवली.