आळीपुरते बूट

नातवाच्या बुटांना पॉलिश करताना तो काळा, उग्र वास नाकात गेला आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचे बाबा समोर उभे राहिले. महाडच्या बाजारातून घेतलेला त्यांचा एकच जोड होता. तळ झिजू नयेत म्हणून पोलादपूरच्या कचेरीत जाताना ते बूट हातात धरून वाडीतून अनवाणी निघायचे. एकदा मी सोबत होते. वरच्या आळीच्या तोंडाशी त्यांनी पाय पुसले, बूट चढवले, नाड्या आवळल्या.

"बाबा, हितं तर खडी हाय. तळ नाय का झिजणार?"

"झिजू देत गो. तुझ्या आज्याला हितं वहाणा काढून हातात घ्यायला लागायच्या."

आळीच्या मधोमध, टाचा वाजवत बाबा चालले. आळी संपल्यावर त्यांनी बूट काढले, फडक्याने पुसले आणि उरलेली वाट अनवाणीच तुडवली.