गिटारच्या पाठीला राहिलेलं तेल

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आला तो किराण्याच्या यादीपुरता. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. हे कुणाला दाखवायचं नाही. पण कुणाच्या हातात पडलंच तर अक्षराला हसू नये. मी जे केलं त्याला हसलं तरी चालेल.

आम्ही साताऱ्यात राहतो. मालक सुतारकाम करतात. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कापतात, जोडतात. घासणं आणि पॉलिश माझ्याकडे. पॉलिश पेपर गुंडाळायला त्यांनी लग्नानंतर मला आंब्याच्या फळीचा एक ठोकळा कापून दिला होता. वीस वर्षं तोच वापरते. त्याला माझ्या बोटांचे खळगे पडलेत.

मला एकच बहीण, दहा वर्षांनी धाकटी. आमचं माहेर कडेगावकडचं. ती झाली तेव्हा आई उसात भांगलायला, तण काढायला जायची, म्हणून तिला सांभाळायला मी घरी राहिले. माझ्या कडेवर वाढलेली ती पोरगी सांगलीला कॉलेजात गेली, तिथंच नोकरीला लागली आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवू लागली. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची. तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. लग्नात लोक गाणारीकडे बघतात, मी धाकटीच्या बोटांकडे बघायचे. तिची बोटं माझ्यासारखीच आहेत, जाड आणि आखूड. तेच मला जास्त लागायचं.

ती गिटार तिनं एका वादकाकडून जुनी घेतली. अठरा हजार कमी पडत होते, ते मी भिशीचे दिले. सगळे म्हणाले, थोरलीची माया. मीही तसंच म्हटलं. खरं सांगायचं तर तिच्या त्या सुखात माझा काहीतरी हिस्सा असावा म्हणून दिले. पैसे फिटेपर्यंत गिटार थोडी माझी आहे, असं मी मनात धरून बसले होते.

त्या वादकानं तिचा चकचकीत रंग काढून लाकडाला नुसतं तेल पाजलं होतं. असं लाकूड हाताला गोड लागतं, पण सहा महिन्यांनी पुन्हा तेल मागतं. त्यामुळे धाकटी वर्षातून दोनदा गिटार घेऊन साताऱ्याला यायची, लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीत. येताना हजार-दोन हजार आणायची आणि गिटार पाच-सहा दिवस माझ्याकडे ठेवून जायची.

ती गेली की मी तारा काढायचे. ओल्या फडक्यानं घाम पुसून, वाळवून, बारीक पेपरनं रेषेच्या दिशेनं हलकं घासायचं. मग जवसाचं उकळलेलं तेल, त्यात थोडं टर्पेंटाईन, जुन्या बनियनच्या चिंधीनं लावायचं. लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवायच्या.

घासताना मला सगळं दिसायचं. वरच्या कडेला तिचा हात टेकतो तिथं लाकूड फिकं पडलेलं. मागं तिचं पोट लागतं तिथं कोरडं. ती कुठं कुठं उभी राहून वाजवत असेल, लोक टाळ्या देत असतील, ते सगळं त्या जागांवरून मला कळायचं, आणि मी त्याच जागा तेलानं पुन्हा गडद करायचे.

गेल्या एप्रिलात ती आली तेव्हा दोन दिवस राहिली. तेलाचे पहिले दोन हात झाले होते. तिनं तारा लावून शेडमध्ये छोट्या स्पीकरवर वाजवून दाखवली. पत्रे थरथरले. शेजारच्या काकू धावत आल्या.

"आगं, पत्रं उडत्याल की! लय भारी वाजीवती गं पोरगी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू काय करतीस ह्यात?"

धाकटीच म्हणाली, "अक्का तेल लावती."

"तेल? बेंदराला बैलाच्या शिंगाला लावत्यात, तसं व्हय?"

काकू हसल्या. धाकटी पण हसली.

ती सांगलीला गेली आणि मी तारा काढून तिसरा हात दिला. पुढची बाजू पुसली. पाठीला दाट तेल लावलं आणि पुसलं नाही. विसरले नाही. चिंधी हातात होती. ती दोरीवर टाकली आणि मेथी निवडायला बसले. पुसलं नाही की तेल वरच्यावर साय धरतं. वाळल्यासारखं दिसतं, पण अंगाची ऊब लागली की चिकटतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी येऊन ती गिटार घेऊन गेली. मे महिन्यात फलटणच्या एका लग्नातून तिचा फोन आला. "अक्का, गिटार पोटाला चिकटली गं! नवा कुडता गेला. माझंच चुकलं, मी घाईनं नेली."

पुढच्या रविवारी ती गिटार घेऊन आली. पाठीवर कुडत्याचा जांभळा रंग आणि धागे बसले होते. मालकांनी अंगठ्याच्या नखानं पाठ खरवडली आणि माझ्याकडे बघितलं.

"पुसलं न्हाईस?"

"इसरले."

"तू?" एवढंच म्हणाले आणि रंध्याला लागले.

टर्पेंटाईननं तो चिकटा काढायला दीड दिवस गेला. धाकटी शेजारी बसून होती. म्हणाली, "अक्का, मला शिकीव. किती दिस तुला तरास देऊ?"

सोळा हजार आले होते, दोन हजार राहिले होते. हेही शिकली तर मग ती साताऱ्याला कशाला येणार?

तरी शिकवलं. तिनं माझा ठोकळा उचलला, फिरवून फिरवून धरून बघितला. "ह्यात माझी बोटं बसत न्हाईत गं."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. पण मालक आतून म्हणाले, "थांब, तुला नवा देतो," आणि सागवानाचा ठोकळा कापून, कडा मारून तिच्या हातात दिला. मला वीस वर्षांपूर्वी आंब्याचा, तिला सागवान.

मी सगळं शिकवलं, एक सोडून. तेल कधी पुसायचं ते घड्याळावर नसतं. बोटाच्या मागच्या बाजूनं बघायचं. बोट घसरलं तर थांबायचं, किंचित ओढल्यासारखं लागलं की लगेच पुसायचं. तिला मी फक्त म्हणाले, "थोड्या वेळानं पूस."

दिवाळीत ती आली. गिटार मांडीवर घेऊन कव्हर उघडलं. तिनंच तेल दिलं होतं. एकीकडे लवकर पुसलेलं, कोरडं. दुसरीकडे उशिरा पुसलेलं, ओरखडे उठलेले. बघून आधी बरं वाटलं, मग लाकडाकडे बघवेना. मी तिचं बोट धरलं, तेलाच्या वाटीत बुडवून शेडमधल्या एका फळीवर तेल लावलं आणि बसून राहिले. वेळ झाल्यावर तिच्या बोटाची पाठ फळीवर ओढली.

"लागलं?"

"व्हय की! ओढतंय." मग ती माझ्याकडे वळली. "हे तवा का न्हाई सांगितलंस?"

"तवा दोन हजार यायचे व्हते."

मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं, नाहीतर पुन्हा जमायचं नाही.

"पाठ मी मुद्दाम पुसली न्हवती. तू काकूसंगं हसलीस म्हणून."

ती उठून दारात जाऊन उभी राहिली. मालक काम थांबवून बाहेर निघून गेले. बऱ्याच वेळानं ती परत आली, तोंड लाल झालेलं.

"मला सांगायचं की तवाच! शिव्या द्यायच्या. पाठ न पुसता ठेवायची व्हय? चारशे माणसांत मी पोटाला गिटार चिकटून हुभी!"

"चुकलं."

"चुकलंच. कुडता बाराशेचा व्हता."

तिनं पर्समधून पाचशेच्या चार नोटा काढल्या. दोन माझ्यापुढे ठेवल्या, दोन परत आत टाकल्या. "दोन हजारातनं बाराशे गेले. ऱ्हायले आठशे. दोनशे परत दे."

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. पण गिटार तिनं उचलली नव्हती, ती माझ्याच पाटावर होती.

"हिला परत घासाय लागंल," मी म्हणाले. "पाच दिस तरी जात्याल."

"मग ठेव. दोनशे आण आधी."

मी मिसळणाच्या डब्यामागं ठेवलेल्या पैशातून शंभराच्या दोन नोटा आणून दिल्या. तिनं त्या मोजून घेतल्या. अठरा हजार पुरे फिटले.