पाटकर मॅडम आणि खाडीच्या पाण्याच्या बाटल्या

सानपाड्याच्या आमच्या महाविद्यालयात मी प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो, तेव्हा रसायनशास्त्राच्या पाटकर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "अक्षर कसं आहे तुमचं?" बारावी अर्धवट सोडलेल्या मला त्यांनी 'तुम्ही' म्हटले, याचीच धास्ती वाटली. अक्षर बरे निघाले. तेव्हापासून नमुन्यांच्या बाटल्यांवरची लेबले मी लिहितो.

ऑनर्सच्या मुलांनी फक्त पुस्तकातले पाणी तपासू नये, असे मॅडमचे मत. दरवर्षी ओहोटी पाहून त्या मुलांना ऐरोलीच्या खाडीवर नेतात आणि स्वतःही चिखलात उतरतात. मुलांनी आधी बाटल्या धुवायच्या, त्या मला दाखवायच्या, मगच उपकरणांना हात लावायचा, हा त्यांचा नियम.

दोन वर्षांपूर्वी परतताना लेबलांवरची शाई पसरली. नीटनेटके दिसावे म्हणून मी सगळी लेबले नवी लावली. पाणी तपासून मुलांनी काढलेला आलेख सुरेख आला. मग मनात आले, खाडीवर नमुने घेतलेल्या चौथ्या आणि पाचव्या जागेच्या बाटल्यांची अदलाबदल तर झाली नाही? माझे कंत्राट त्याच महिन्यात संपत होते. गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते. तीन दिवस डबा तसाच घरी गेला. चौथ्या दिवशी मुलांसमोरच मॅडमना सांगितले.

"खात्री आहे की शंका?"

"शंका, मॅडम."

त्या मुलांकडे वळल्या. "आकडे तुमचे आहेत. तुम्ही ठरवा."

प्रकल्प सादर करायला आठवडाच होता. कोपरखैरण्याच्या सनाने कपाळाला हात लावला. "काय दादा! आता परत चिखल?"

"चल गं," तिचा जोडीदार रोहन म्हणाला, "माझे बूट तसेही गेलेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा खाडीवर होतो. नवा आलेख तितका सुरेख आला नाही. मॅडमनी तोच ठेवायला लावला. माझ्या कंत्राटाच्या शिफारशीत त्यांनी एकच ओळ लिहिली: 'शंका आली की सांगतात.' कंत्राट वाढले.

आता साठ वर्षे पूर्ण करून मॅडम निवृत्त होत आहेत. पुढच्या तुकडीची खाडीवरची तयारी त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. मी आतापासूनच बाटल्या मोजतो आहे. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे साथ देवोत. पहिल्या खेपेला तरी त्यांनी यावे. चिखलात उतरू नये, काठावर बसावे. खुर्ची मी नेईन.