तेल्हाऱ्यात क्रूझचा अर्धा कप

मंडळी, आज तेल्हाऱ्यात मी चहावरून चक्क भांडलो!

बसस्टँडजवळ सलीमचाचांनी नवं हॉटेल टाकलंय. त्यांनी कप अर्धाच भरून दिला. आपल्याकडे चहा बशीत सांडेपर्यंत ओततात, नाहीतर पाहुण्याचा अपमान! मी तापलोच. "चाचा, अर्धा चहा काहून?"

चाचा हसले. "भाऊ, वीस वर्षं क्रूझवर चहा वाढला. तिथं भरला कप लाटेनं सांडते. कंपनी बंद पडली. दोन जहाजं होती, एक इकलं, दुसरं भंगारात गेलं. पण हाताले अजून जहाज हलून राहिल्यासारखंच वाटते."

मग त्यांनी कप काठोकाठ भरला. मी ऐटीत उचलला आणि सगळा नव्या शर्टावर!

चाचा शांतपणे फडकं देत म्हणाले, "लाट आली वाटते."