साखळीमागे वीतभर

इंग्रज साहेब देश सोडून गेले, तेव्हा मोजणी कचेरीत त्यांच्या दोन गोष्टी राहिल्या. शंभर कड्यांची एक लोखंडी साखळी आणि ती तपासायला आवारात पुरलेले दोन दगड. शेतं मोजताना साखळी ओढून ओढून कड्या झिजतात आणि साखळी लांबते. म्हणून दर वर्षी कचेरीतले मोजणीदार साखळीकाका ती दोन दगडांमध्ये ताणायचे आणि वाढलेली असली की कड्या ठोकून बरोबर करायचे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही चुकले नाहीत. साहेबाच्या कायद्यांना ते तोंडभर शिव्या द्यायचे, पण साहेबाच्या दगडांवर त्यांचा डोळे झाकून विश्वास.

"सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही," असं लोक त्यांच्याबद्दल कौतुकानं सांगत. एकोणीस वर्षांपूर्वी बहिणीच्या शेताची हद्द त्यांनीच मोजली होती आणि तिची विहीर शेजाऱ्याच्या बाजूला गेली.

"दादा, ह्यांनी पावलं मोजून विहीर खणली होती रे!" ती रडत म्हणाली होती.

"पाऊल चुकतं. साखळी चुकत नाही," काकांनी सांगितलं.

तेव्हापासून ती सार्वजनिक टाकीवरून डोक्यावर पाणी आणत होती. भावाच्या दारात मात्र तिनं पाऊल टाकलं नाही.

आता नवा रस्ता यायचा होता, म्हणून सगळ्या जमिनी पुन्हा मोजायच्या होत्या. शहरातून एक मुलगी तीन पायांचं मशीन घेऊन आली. निवृत्त झालेले काका सकाळीच आवारात हजर.

"आधी आमच्या दगडांवर तपासा ते तुमचं खेळणं," काका म्हणाले. "उगाच लोकांची शेतं इकडची तिकडे नकोत."

"काका, ह्याला तुमच्या दगडांची गरज नाही," ती हसली.

"परीक्षेला घाबरतंय वाटतं!"

शिपाई खो खो हसला. मुलीनं मशीन लावलं, आकडा पाहिला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा शिपायाला फीत धरायला लावून हातानं मोजलं.

"काका, दगडांमधलं अंतर नऊ इंच कमी आहे."

"मशीन बिघडलंय."

"फीत पण बिघडली?"

काका दगडाजवळ उकिडवे बसले. त्याच्या बुडाशी सिमेंट होतं. साहेबाच्या काळात कसलं सिमेंट? त्यांनी मान वर केली आणि कचेरीच्या व्हरांड्याची कड पाहिली. व्हरांडा रुंद केला होता. गवंड्यानं मधे येणारा दगड उपटून वीतभर आत बसवला असणार. कुणाला विचारलं नसणार. त्याच वर्षी साखळी एकदम वीतभर वाढलेली निघाली होती. काकांना नवल वाटलं होतं, पण दगडावर शंका घेण्यापेक्षा त्यांनी सरळ कड्या काढून टाकल्या.

व्हरांडा कधी झाला? बहिणीचं शेत मोजलं, त्याच्या आदल्या वर्षी.

काका हिशेब करू लागले. साखळीमागे वीतभर. कागदावर तिचं शेत वीस साखळ्या लांब. वीस विती, म्हणजे पंधरा फूट. अन् विहीर बांधालगत, बारा फूट रुंद.

"काका, पाणी देऊ का?" शिपायानं विचारलं. काका बहिणीच्या घराकडे चालू लागले.

बहीण ओट्यावर भांडी घासत होती. भावाला पाहून तिचा हात थांबला.

"कोण गेलं?" तिनं घाबरून विचारलं. एकोणीस वर्षांनी भाऊ दारात आला, म्हणजे दुसरं काय असणार!

"विहीर तुझी होती," काका म्हणाले. "दगड सरकला होता. मी आखूड साखळीनं मोजलं. तसं लिहून देतो, आजच देतो."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. काका शिव्यांची वाट पाहत होते. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"विहीर माझी आहे, हे मला ठाऊकच होतं रे," ती म्हणाली. "पण तू त्यानंतर किती वर्षं मोजलंस?"

"पंधरा."

"त्याच साखळीनं?"

बहिणीच्या पलीकडे त्यांचा विचार अजून गेलाच नव्हता. एकामागून एक शेतं डोळ्यांसमोर येऊ लागली. बांधावर उभी राहिलेली माणसं, त्यांना ऐकवलेलं तेच वाक्य. काका तिथंच ओट्याच्या पायरीवर मटकन बसले.

"दादा," ती म्हणाली, "अरे, किती जणांचं?"

काका बोटांवर शेतं मोजू लागले आणि दोन्ही हातांची बोटं संपली.