नळी एकच हाय

बलभीम सरवदे वारला तेव्हा शाळेच्या पटांगणात सभा भरली. एकानं माईक धरून सांगितलं, "बलभीमराव लई गरीब स्वभावाचे. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अय्यो शिवा! गरीब स्वभावाचा? मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणत्यात, पण खोटं बोला असं कुणी सांगितलंय? मी उठणारच व्हते, सुनेनं पदर ओढून खाली बसवलं. म्हणून आता तुमाला सांगते. ऐकायचं तर नीट ऐका.

माझं नाव शरणम्मा. आमी लिंगायत. गाव सास्तूरपासनं दोन कोसांवर. नाव सांगत न्हाय, नाव सांगितलं की माणसं भांडायला येत्यात. भांडणाला मी भीत न्हाय, पण आता गुडघे साथ देत न्हाईत. ही गोष्ट भूकंपाच्या सात वर्सं आधीची, शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. पावसानं लागोपाठ दोन सालं पाठ फिरवली व्हती. विहिरींचे तळ दिसू लागले, रानात हिरवी काडी न्हाय. गावाला आधार कशाचा? म्हशींचा, आणि गावातल्या दूध संस्थेचा. नवरा गेल्यावर दोन म्हशींच्या जिवावर म्या तीन लेकरं वाढवली. मला कळतंय दुधाची किंमत काय असती ती.

पण दूध टिकंना. पहाटं पाचला घातलेलं दूध न्यायला टेम्पो यायचा दहाला. त्या उन्हात पाच तास! रोज दोन-चार कॅन नासायचे. संध्याकाळच्या दुधाचे तर हालच व्हते. मग संस्थेनं खटपट करून दूध गार करायची टाकी आणली. चकचकीत स्टीलची, म्हशीएवढी. तिच्याबरोबर एक दुसरं धूड आलं, पंखावालं, जाळीवालं. ते भिंतीच्या बाहेर बसवायचं आणि तांब्याच्या नळ्यांनी टाकीला जोडायचं. नळीतनं गॅस फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. हे मला बलभीमनंच सांगितलं. सोलापूरचा फिटर म्हणला, महिन्याशिवाय येत न्हाय. महिनाभर आमी काय दुधानं अंगण सारवायचं?

तेव्हा बलभीमची आठवण झाली. बौद्धवाड्यातल्या गजराबाईचा थोरला. उस्मानाबादला आयटीआय केलेला, सोलापुरात बर्फाच्या कारखान्यात आठ वर्सं काम केलेला. आईची नजर अधू झाली म्हणून गावात परत आला व्हता. बोलणं कमी, पण बोलला की तोडून टाकायचा. कुणी "बलभ्या" म्हणून हाक मारली तर वळूनच बघायचा न्हाय. "बलभीम" म्हणलं की "काय?" माझ्यासारखीच हाडं! म्हणून मला आवडायचा.

आमचे चेअरमन शांतलिंगअप्पा. त्यांना ते यंत्र पुढच्या दाराशी पाहिजे व्हतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. बलभीम म्हणला, "अप्पा, ह्याच्यातनं गरम वारं निघतं. पुढनं ऊन लागंल, मग ते स्वतःच तापंल, दूध काय गार करंल? मागं, उत्तरेला. आणि भिंतीपासनं हातभर लांब." अप्पांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. मागं सिमेंटचा ओटा घातला. त्यावर यंत्र चढवलं. भिंतीला भोक पाडलं, तेही बाहेरच्या अंगाला थोडं उतरतं. तांब्याच्या नळीचं वेटोळं तो जमिनीवर पायानं धरून असं उलगडायचा की कुठं मुरड पडायची न्हाय. एक नळी जाड, एक बारीक. तोंडाला चिंधीचे बोळे, धूळ जाऊ नये म्हणून. दोन दिवस त्या उन्हात तो एकटा राबला. आमी बाया दूध घालून गेलो तरी परत परत बघायला यायचो.

तिसऱ्या दिवशी बाहेरचं सगळं झालं. नळ्या भोकातनं आत गेल्या. बलभीमनं पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या दाराकडं आला. दारात शांतलिंगअप्पा उभे.

"बास बलभ्या. तुझं काम झालं."

"आतली जोडणी ऱ्हायलीय."

"ती हणमंतप्पा करील. तू बाहेरचं बघ."

हणमंतप्पा म्हणजे अप्पांचा मेव्हणा. विहिरीवरचे पंप बसवायचा, नळाची कामं करायचा. बलभीम दारातनं हलला न्हाय. आमी आठ-दहा जणी दुधाच्या कासंड्या घेऊन उभ्या व्हतो. पायरीखाली गजराबाईपण व्हती. तिचं दूध पायरीवरनंच घ्यायचे. ती खाली उभी ऱ्हायची, आतला माणूस वरनं माप पुढं करायचा, ती ओतायची. संस्थेची सभासद व्हती, दूध घ्यावंच लागायचं.

"का अप्पा? मी आत का न्हाय?"

"आरं, आत दूध असतंय. समजून घे की."

"आईचं दूध आत चालतंय. मी चालत न्हाय?"

अप्पा म्हणले, "फाटे फोडू नको. बाहेरचं काम बाहेरच्यानं, आतलं आतल्यानं. रीत हाय ती."

बलभीमचा आवाज चढला न्हाय, पण मला दारातनं ऐकायला आला. "नळी एकच हाय, अप्पा. बाहेरची येगळी आणि आतली येगळी अशी नळी बाजारात मिळत न्हाय. दोन्ही तोंडं एका हातानं जुळवावी लागत्यात. मी अर्धी नळी बसवत न्हाय." एवढं बोलून पिशवी उचलून आईला घेऊन गेला.

आणि मी? खरं सांगते, मी गप्प बसले. एरवी टेम्पोवाल्याशी मापावरनं भांडणारी मी! मनात म्हणलं, जाऊ दे, टाकी चालू झाली म्हणजे झालं. त्याची लाज मला अजून वाटती.

हणमंतप्पानं काय केलं असंल? पाण्याच्या नळाला करत्यात तेच. सांध्यावर सुताचा धागा गुंडाळला, वरनं सफेदा फासला आणि पान्यानं आवळलं. "थेंब गळणार न्हाय!" म्हणला. थेंब कशाचा गळतोय? आत काय पाणी व्हतं? यंत्राचा कॉक उघडला, नारळ फोडला, पेढे वाटले. संध्याकाळी टाकी गार लागली. सगळ्यांनी हात लावून बघितलं. अप्पांची छाती फुगली. आमी रात्रीचं सगळं दूध टाकीत ओतून घरी गेलो.

सकाळी यंत्र घरघर करत व्हतं आणि दूध कोमट. झाकण उघडलं तर वर फुटकी साय, खाली चोथापाणी. सगळा गॅस सांध्यातनं उडून गेलेला. अख्ख्या गावाचं दूध ओढ्यात ओतलं. पाणी नसलेल्या ओढ्यात दूध वाहिलं, कुत्री पण पिऊन पिऊन थकली. मग मात्र माझं तोंड सुटलं. "अप्पा, गळ्यात लिंग घालता आणि माणसाला दारात अडवता? रीत पाजा आता लेकरांना! जावा, आणा त्याला. न्हाय आणला तर मी उद्यापासनं दूध इथं घालत न्हाय." बाकीच्या बायापण माझ्या मागं उभ्या ऱ्हायल्या.

अप्पा बौद्धवाड्यात गेले. मी मागंमागं गेलेच, न्हायतर मधीच काहीतरी शेंडी लावली असती. बलभीम दारात सायकलचं पंक्चर काढत बसला व्हता.

"बलभीमराव," अप्पा म्हणले.

"काल बलभ्या व्हतो. आज राव कशापायी?"

"झालं गेलं सोड. चल बाबा."

"पुढच्या दारानं येणार. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. जमतंय का बघा."

अप्पांनी मान हलवली. गरजवंताला अक्कल नसती म्हणत्यात, पण कधीकधी गरजेनंच अक्कल येती.

तो आला. आई नेहमीसारखी पायरीखाली थांबली, तो पायरी चढला, उंबरा ओलांडला. चप्पल बाहेर काढली, जशी सगळेच काढायचे. हणमंतप्पाचा धागा-सफेदा बघून हसला न्हाय, शिवी दिली न्हाय. नळीची खराब तोंडं कापली. आधी नट सरकवला, मग तोंड फुलवलं, कर्ण्यासारखं रुंद केलं. "आधी नट," हणमंतप्पाला म्हणला, "मागनं घालायला जागा ऱ्हात न्हाय. गॅसला धागा चालत न्हाय. तांब्याला तांबं असं चिकटलं पाहिजे की मधी केस मावू नये." हणमंतप्पा खाली मान घालून बघत व्हता, पण बघत व्हता. मग मोटर लावून नळीतली हवा ओढून काढली. यंत्रासोबत गॅसचा एक जादा बाटला आला व्हता, तो भरला. साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावला आणि डोळे बारीक करून बसला. एक बुडबुडा न्हाय. तासाभरात जाड नळीला घाम सुटला, टाकी गार पडली. बायांनी सकाळपासनं जपून ठेवलेलं दूध ओतलं, मी पण ओतलं. दोन्ही म्हशींचं, सगळं.

तेवढ्यात मागच्या दारानं अप्पांच्या घरचा गडी आला. हातात तांब्याचा लोटा, लोट्यात लिंबाचा डहाळा. गोमूत्र! बलभीम अजून हत्यारं पुसत व्हता, तेवढाही दम निघाला न्हाय. अप्पा पुटपुटले, "जरा शिंपडून घेऊ. घरच्यांच्या समाधानासाठी. मनाला लावून घेऊ नको."

बलभीम उठला. पाना उचलला आणि आतल्या सांध्याच्या नटाला लावला.

"शिंपडा. पण मग सगळंच शुद्ध करा. ही नळी ह्या हातानं फुलवलीय. आतली हवा ह्या हातानं काढलीय, गॅस ह्या हातानं भरलाय. हा गारवा माझा हाय, अप्पा. माझा हात नको तर गारवापण नको. एक आटा फिरवतो, सोडतो सगळा."

दुसरा बाटला गावात नव्हता. टाकीत गावाचं दूध, बाहेर भर दुपारचं ऊन. अप्पा आमच्याकडं वळले. "आगं, तुमचं दूध हाय! सांगा की त्याला! शरणम्मा, तू सांग, तुझं तो ऐकतोय."

माझं पण दूध व्हतं त्यात. तीन लेकरांचं खाणं व्हतं. पण काल मी गप्प बसले व्हते. म्या म्हणलं, "सोड बलभीम. लोटा पुढं आला की सोड. नासलं तर माझं पण नासू दे."

मागनं एक बाई म्हणली, "आमचं पण." मग दुसरी म्हणली.

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. गड्याचा हात तसाच वर. शेवटी अप्पांनीच त्याचं मनगट धरून हात खाली केला. म्हणले, "जा. घेऊन जा ते." गडी आला त्या दारानं निघून गेला.

बलभीमनं पाना लगेच काढला न्हाय. दार बंद झाल्याचा आवाज आल्यावर काढला. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि पायरीखाली उभ्या आईला मोठ्यांदा हाक मारली. "आई, आत ये. काम कसं झालंय, हात लावून बघ."

गजराबाई हलंना. अठरा वर्सं त्या पायरीखाली उभी ऱ्हायलेली बाई. तिनं अप्पांकडं बघितलं. बलभीम म्हणला, "तिकडं काय बघतीस? माझ्याकडं बघ."

ती चढली. अधू नजरेनं चाचपडत, भिंत धरत टाकीपाशी आली. सगळे बाजूला सरकले. तिनं स्टीलवर आधी एक बोट ठेवलं, चटकन मागं घेतलं. मग दोन्ही तळवे पसरून लावले.

"लई गार हाय रं," म्हणली. आणि हात काढलेच न्हाईत.